नवजात बाळाचं फोटोशूट: स्टुडिओत करावं की घरीच?

बहुतेक आईबाबा हा निर्णय पैसे आणि अंतर बघून घेतात. त्याआधी दोन प्रश्न विचारा. शूटच्या दिवशी बाळ किती दिवसांचं असेल? आणि भिंतीवर कोणता फोटो लावायचाय: टोपलीत मुटकुळं करून झोपलेलं बाळ, की आईच्या खांद्यावर विसावलेलं? पहिला फोटो हवा असेल तर स्टुडिओ लागतो आणि दिवसही मोजकेच मिळतात. दुसरा घरी जास्त चांगला निघतो, आणि त्याला घाई नसते.

दिवसांचं गणित

पोझ दिलेल्या फोटोंसाठी साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतचा काळ सोयीचा. बाळ गाढ झोपतं, गुडघे पोटाशी घेतलेले असतात, हलकेच कूस बदलली तरी उठत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून चित्र बदलतं: हातपाय ताणले जातात, गालांवर पुरळ येऊ शकतं, पोटदुखीचं रडणं सुरू होऊ शकतं. घरच्या शूटला यातलं काहीच फारसं आडवं येत नाही. जागं, इकडेतिकडे बघणारं पाच-सहा आठवड्यांचं बाळ तिथे चालतंच, उलट डोळे उघडे असलेले फोटो जास्त मिळतात.

स्टुडिओ ठरवत असाल तर सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवा; तारीख मात्र अंदाजे धरा आणि बाळ झाल्यावर पक्की करा. पुढेमागे आठवडाभर सरकू न देणारा फोटोग्राफर या कामाचा नव्हे. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. त्वचेचा पिवळेपणा एडिटिंगमध्ये कमी करता येतो, पण काविळीचे उपचार चालू असतील, बाळ नीट पीत नसेल किंवा वजन वाढत नसेल तर शूट पुढे ढकला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घराबाहेर काढू नये.

स्टुडिओत काय मिळतं, काय बिघडतं

बीनबॅग, रॅप (बाळाला गुंडाळायचं कापड), टोपल्या, टोपडी, दिवे सगळं तिथे तयार असतं. उघड्या अंगाच्या पोझसाठी खोली साधारण 26 ते 28 अंशांवर ठेवतात. तिथे सुती, पातळ कपडे घालूनच जा. खरी जोखीम बाळाला जास्त गरम होण्याची. हातपाय गार लागले म्हणून हीटर जवळ ओढू नका, नवजात बाळाचे तळवे एरवीही गार असतात. छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम आला असेल, त्वचा लालबुंद दिसत असेल तर रॅप लगेच सैल करायचा. हात-पाय जांभळे पडू लागले तर ती पोझ रक्त अडवते आहे, ती सोडून द्यायची.

वेळ दोन ते चार तास धरा. त्यातला निम्मा पाजण्यात, ढेकर काढण्यात आणि लंगोट बदलण्यात जातो, त्यामुळे 'आतापर्यंत दहाच फोटो झाले' म्हणून अस्वस्थ होऊ नका. सिझेरियन झालेल्या आईने मात्र विचार करावा. प्रवास, तासन्‌तास बसणं आणि त्यातच पाजणं, हे टाक्यांना जड जातं.

हनुवटी दोन्ही हातांवर टेकवून 'बसलेल्या' बाळाचा फोटो बऱ्याच जणांना हवा असतो. तो एकाच क्लिकमध्ये काढायचा नसतो. एका फ्रेममध्ये कुणीतरी बाळाची मनगटं धरून ठेवतं, दुसऱ्या फ्रेममध्ये डोकं वरून बोटांनी सावरलेलं असतं. नंतर दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकतात. एका क्षणासाठीही बाळ सुटं नसतं. 'तो फोटो तुम्ही कसा काढता?' एवढं विचारा. उत्तरात दोन फ्रेम आल्या नाहीत तर दुसरा स्टुडिओ बघा. टोपलीच्या तळाशी वजन ठेवता का, शेजारी हाताच्या अंतरावर माणूस असतो का, रॅप दर बाळागणिक धुता का, डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घेतली आहे का, हेही विचारायला संकोच नको. सर्दी किंवा ओठावर पुळी आलेल्या माणसाने बाळाला हात लावू नये. ओठावरच्या पुळीतला विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

घरी: सगळा खेळ खिडकीचा

घरच्या शूटला दीड-दोन तास पुरतात. सगळं घर आवरायची गरज नाही. ज्या खिडकीतून मोठा पण थेट ऊन नसलेला उजेड येतो, तिच्याजवळचा दोन-तीन मीटरचा भाग मोकळा करा. पलंग तिथे सरकवता आला तर उत्तमच. चादर पांढरी किंवा फिकट, नक्षी नसलेली. गडद हिरवी भिंत किंवा लाल पडदा जवळ असेल तर बाळाच्या गालावर तोच रंग उतरतो. पडदा काढता येतो. भिंत बदलता येत नाही, तेव्हा खोली बदला. घरातले पिवळे दिवे बंद. उजेडात दोन रंग मिसळले की त्वचेचा रंग एडिटिंगमध्येही ताळ्यावर येत नाही.

बाळ कसं ठेवायचं? डोकं खिडकीच्या बाजूला, थोडं तिरकं, म्हणजे उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरतो. उलट ठेवलं तर उजेड नाकपुड्यांत शिरतो आणि हनुवटीखाली टॉर्च धरल्यासारखा चेहरा दिसतो. स्वतः कॅमेरा हातात घेणार असाल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) f/2.8 च्या आसपास ठेवा. f/1.8 ला पापण्या स्पष्ट आणि नाकाचं टोक धूसर, असा प्रकार होतो. शटर 1/200 सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) त्या हिशोबाने वाढवा. उभं राहून बाळाच्या अगदी वर कॅमेरा धरताना पट्टा गळ्यात हवाच.

घरातला तोटा एकच, पण मोठा: पाहुणे आणि फोन. त्या दोन तासांत दाराची बेलही बंद ठेवा.

शूटच्या आधीचे दोन तास

हे दोन्हीकडे सारखंच. बाळाला निघण्याआधी किंवा फोटोग्राफर येण्याच्या सुमारास पोटभर पाजा. अर्धा-पाऊण तास आधी लंगोट सैल करा, म्हणजे इलॅस्टिकचे वळ उतरतात. डोक्यावरून काढावी लागणारी झबली नकोत, पुढून उघडणारीच बरी. मोठं भावंड असेल तर त्याच्यासोबतचे फोटो सगळ्यात आधी उरका. अर्ध्या तासानंतर ते कंटाळतं आणि त्याच्या आवाजाने बाळही उठतं.

घरही हवं आणि टोपलीतला फोटोही हवा, तर काही फोटोग्राफर बीनबॅग आणि हीटर घेऊन घरी येतात. त्यासाठी साधारण अडीच बाय तीन मीटर मोकळी जागा आणि दार बंद करता येईल अशी खोली लागते. तारीख ठरवण्याआधी त्यांनी घरी जाऊन काढलेलेच फोटो बघायला मागा, कारण स्टुडिओतले छान फोटो बघून तुमच्या खोलीतला उजेड कसा येईल ते कळत नाही.