दोन गिटारवाल्यांचा बँड: ट्यूब, कटाना की ऑरेंज?

बँडमध्ये एकच गिटार असेल तर अ‍ॅम्प (इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा) हा ज्याच्या त्याच्या आवडीचा मामला. दोन गिटारी आल्या की मात्र एकाचा अ‍ॅम्प बघितल्याशिवाय दुसऱ्याचा ठरवू नये. आमच्या बेळगावच्या बँडमध्ये मी रिदम (मागून कॉर्ड वाजवणारा) आणि दुसरा गडी लीड (सोलो वाजवणारा). कार्यक्रम म्हणाल तर गणपतीचे मंडप, कॉलेजांची गॅदरिंग, खानापूर-निपाणीकडची रिसेप्शनं. एकाच रात्री मराठी, कन्नड, हिंदी सगळं वाजतं. त्यामुळे आत्ता स्वच्छ आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक सुटे), तर दोन गाण्यांनंतर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज). तुमचं गणित साधारण असंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल. निव्वळ मेटल वाजवत असाल तर माझं फार मनावर घेऊ नका.

गाळून गाळून आमच्याकडे तीन नावं उरली. ट्यूबमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्यांत, फेंडर ब्लूज ज्युनियर, डिजिटलमध्ये बॉस कटाना ५०, आणि ट्यूबही नाही, मॉडेलिंगही (दुसऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल) नाही असा साधा ट्रान्झिस्टरचा ऑरेंज क्रश प्रो ६०. तिन्हींत बारा इंची एकच स्पीकर. मार्शलचा डीएसएल ४० सुद्धा यादीत होता, पण त्याचं वजन तेवीस किलोच्या आसपास आणि आमची सरावाची खोली वरच्या मजल्यावर. तो लवकर गळाला.

वॅटवर फार डोकं लावू नका. पन्नासाचे शंभर केले तरी फरक पडतो ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम. पंधरा वॅटचा ब्लूज ज्युनियर मध्यम हॉलमध्ये आरामात ऐकू येतो. ड्रमर जोरकस असेल तर त्याचा क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज जरा लवकर फाटायला लागतो, इतकंच. मंडपात तसंही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणार साउंडवाल्यानं अ‍ॅम्पपुढे लावलेला माइकच.

खरी भांडणं होतात ती मिड्सवरून, म्हणजे बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) यांच्या मधल्या सुरांवरून. गिटारची जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, बेस गिटारची ४१. घरी एकट्यानं वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मिड खाली हे फार गोड वाटतं. दोघांनीही तसंच ठेवलं की बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक ड्रम घेतात, वरची सिंबल घेतात, आणि दोन्ही गिटारी मधल्या मधे गायब. मग याचा व्हॉल्यूम वाढला म्हणून त्याचा, त्याचा वाढला म्हणून याचा, आणि शेवटी गाणारी बाई वैतागते. फेंडरच्या टोन सर्किटची ठेवणच मिड दबलेली, तर मार्शल, ऑरेंज ही इंग्लिश मंडळी मिड पुढे करणारी. म्हणून एक फेंडर आणि एक इंग्लिश अशी जोडी नॉब फार न फिरवताही जमते. कागदावर ब्लूज ज्युनियर आणि ऑरेंज ही सगळ्यात सुंदर जोडी. कानालाही ती तशीच लागली, हे कबूल करतो.

तरी ट्यूब सुटला, तो लाईटमुळे.

काही दिवस आमच्याकडे एका मित्राचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) वापरात होता. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण बिचाऱ्याचा काही दोष नव्हता; कुठलाही ट्यूब अ‍ॅम्प तसाच वागला असता. पावसाळ्यातला मंडप म्हणजे लाईट जाणार, कुणीतरी जनरेटरकडे पळणार, दोरी ओढणार, मधे अर्धा-एक मिनिट अंधार. थोड्या वेळानं लाईट परत येणार की पुन्हा तोच खेळ. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प वीज आल्या आल्या बोलायला लागतो. ट्यूब एकदा गार झाल्या की त्यांचे हीटर तापायला वीस-तीस सेकंद जातात. तेवढ्यात ड्रमरनं काठ्या वाजवून वन-टू-थ्री-फोर म्हटलेलं असतं. लीडची गिटार सुरू, आणि मी शेजारी उभा राहून जीव तोडून स्ट्रमिंग करतोय, आवाज शून्य. साउंडवाले अण्णा लांबून हात हलवत ओरडणार, "चालू करा की!" अहो अण्णा, चालूच आहे, तापू तर दे की!

एकच गिटार असती तर सगळा बँड थांबला असता आणि कुणाला कळलंही नसतं. दोन असल्या की एक बोलतेय आणि एक मुकी, हे समोरच्या पोरांनाही दिसतं. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला एका मोसमानंतर वाटेनासं झालं.

त्यात जनरेटर असतो लहान, आणि त्याच्यावर हॅलोजन, फोकस, फिरणारे दिवे. व्होल्टेज २३० वरून १९० वर उतरलं तर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२ च्या आसपास व्होल्ट मिळतात. आवाज मलूल होतो, आणि दिवे बंद झाले की आपोआप सुधारतो. म्हणजे आपला टोन लाइटिंगवाल्याच्या हातात. स्टॅबिलायझर लावता येतो, पण उचलायला आणखी एक जड डबा झाला. पुण्या-मुंबईत बंदिस्त सभागृहात वाजवणाऱ्यांना हा त्रास नसावा. त्यांनी ब्लूज ज्युनियर खुशाल घ्यावा.

कटाना लीडवाल्याकडे गेला आणि तिथे तो शोभतो. बूस्टर (आवाज उचलणारा), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमणं) सगळं आतच, त्यामुळे पेडलांची पेटी घरी राहते. पॉवर अर्ध्या वॅटवर आणली की बेळगावातल्या शहापूरसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीतही रात्री वाजवता येतं. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. फूटस्विच (पायानं दाबायचं बटण) वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याच्याशिवाय सोलोला आवाज वाढवणं अवघड, तेव्हा तो बजेटमध्येच धरा. दुसरं, पहिल्या दोन पिढ्यांच्या ५० वॅटच्या कटानात रेकॉर्डिंगचं आउटपुट आणि हेडफोन एकाच जॅकवर आहेत. तिथून मिक्सरला वायर दिली की स्पीकर बंद. स्टेजवर माइकच लावा, नाहीतर वेगळा लाइन-आउट असलेला कटाना १०० बघा.

दोघांनीही कटानाच घ्यावा का? पैशाच्या दृष्टीनं हेच सगळ्यात शहाणपणाचं असेल. पण दोघांनीही नेटवरून तीच लोकप्रिय सेटिंग उतरवून घेतली की पुन्हा मिड्सची तीच रड. एकानं मिड वर ठेवायचे, एकानं खाली, हे शिस्तीनं पाळणार असाल तर हरकत नाही. आमच्यात ती शिस्त नाही.

म्हणून मी ऑरेंज घेतला. कटाना ५० पेक्षा सहसा महाग पडतो, आणि आत रिव्हर्ब सोडला तर इफेक्ट म्हणून काही नाही. क्लीन चॅनेलला बास आणि ट्रेबलचे नॉब, डर्टी (फाटक्या आवाजाच्या) चॅनेलला मिडचाही, बस. पण रिदमला इतकंच लागतं. लीडनं कितीही डिले ओतला तरी माझे कॉर्ड त्याच्यामधून स्वच्छ ऐकू येतात, आणि लाईट आली की मीही ड्रमरबरोबर पहिल्या ठोक्याला हजर. ब्लूज ज्युनियरचा तो काठावर फाटणारा गोड आवाज याच्यात नाही, हे खरंच. रिसेप्शनमध्ये अजून कुणी त्याबद्दल विचारलेलं नाही.

मल्टिइफेक्ट (सगळे इफेक्ट असलेली एकच पेटी) थेट मिक्सरला लावून अ‍ॅम्पच टाळणारेही बरेच आहेत. मॉनिटर (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) चांगला असेल तर ठीक. आमच्याकडे मॉनिटर मिळालाच तर तो गाणाऱ्यांसमोर जातो.

खरेदीला दोघंही जा, आपापल्या गिटारी घेऊन, जमलं तर बेसवाल्यालाही ओढून न्या. दोन्ही अ‍ॅम्प एकाच वेळी चालू करायला लावा आणि एकच गाणं दोघांनी वाजवा. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून ऐका. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल सरळ रेषेत जातो. खाली ठेवलात तर तो पोटऱ्यांना ऐकू येईल आणि तुम्ही उगाच नॉब वाढवत बसाल.