गॉस्पेलची 'हरवलेली' रेकॉर्ड म्हणून मला काय विकलं ते वाचा

जुन्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या) रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी, त्यातही जे माझ्यासारखे अमेरिकेत राहून इथल्या कृष्णवर्णीय गॉस्पेल क्वार्टेट्सच्या (चौघांनी मिळून ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या ग्रुप्सच्या) नादी लागलेत त्यांनी हे जरूर वाचा. सध्या एक माणूस (किंवा टोळी, कोण जाणे) 'कधीच बाहेर न आलेलं रेकॉर्डिंग' म्हणून माल विकतोय आणि त्याने मला ६४० डॉलरचा चुना लावलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्डन गेट क्वार्टेट हा व्हर्जिनियातल्या नॉर्फोकचा ग्रुप, वाद्यं जवळजवळ नाहीतच, नुसत्या गळ्यावर सगळा खेळ. १९३७ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात एका हॉटेलात ब्लूबर्ड कंपनीसाठी त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. त्यात 'गोल्डन गेट गॉस्पेल ट्रेन' नावाचं गाणं आहे, चार माणसं तोंडाने आख्खी आगगाडी चालवतात, शिट्टी काय, चाकांचा ठेका काय, एकदा ऐकलं की माणूस कामातून गेला. १९३९ मध्ये हे लोक न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले आणि १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात. मी रॅलेला राहतो, शार्लट माझ्या घरापासून अडीच-तीन तासांवर, त्यामुळे या ग्रुपबद्दल जरा जास्तच जिव्हाळा, आणि हे मी सगळीकडे लिहीत असतो म्हणजे विक्रेत्याला सावज शोधायला फार कष्ट पडले नसणार.

त्याचा मेसेज आला की आमचे आजोबा रेडिओत इंजिनिअर होते, त्या हॉटेलातल्या रेकॉर्डिंगला हजर होते, तेव्हाची 'गॉस्पेल ट्रेन'ची दुसरी टेक (म्हणजे तेच गाणं पुन्हा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग), जी कंपनीने कधी काढलीच नाही, तिचं टेस्ट प्रेसिंग घरच्या माळ्यावर सापडलंय. आता टेस्ट प्रेसिंग म्हणजे छपाईला जाण्याआधी तपासायला काढलेली प्रत, लेबल कोरं, त्यावर हाताने चार अक्षरं. भामट्याला यापेक्षा सोयीचं काय असणार, कोरा कागद आणि पेन, झालं.

गोष्ट खरी वाटते याचं कारण अशा गोष्टी खरंच घडतात. मंदीच्या काळात रेकॉर्ड कमी निघाल्या, मग युद्धात सरकारने रेकॉर्ड ज्यापासून बनायच्या त्या लाखेवर निर्बंध आणले (ही लाख बहुतेक आपल्याच देशातून, छोटा नागपूरकडच्या जंगलातून जायची बरं का) आणि लोकांकडून जुन्या रेकॉर्ड गोळा करून त्या वितळवल्या गेल्या. त्यामुळे काही रेकॉर्डच्या मोजक्याच प्रती उरल्यात आणि अजूनही कुणाच्या तरी तळघरात एखादी निघते. टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीत तर जुनं गॉस्पेल वाचवायचा वेगळा प्रकल्पच आहे, लोकांकडून रेकॉर्ड घेऊन त्या डिजिटल करतात. म्हणजे 'माळ्यावर सापडलं' ही थाप नेहमी थाप नसते, आणि हा माणूस जगतो त्याच्यावर.

पैसे त्याने पेमेंट ॲपच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायाने मागितले, म्हणे कंपनीची फी वाचते. तो पर्याय घेतला की खरेदीचं संरक्षण संपतं. सोबत एक ऑडिओ फाइल आणि एक अट, की रेकॉर्ड तुमच्या प्लेअरवर लावू नका, प्रेसिंग नाजूक आहे, आजकालच्या सुईने खरवडलं जाईल, मी तुमच्यासाठी ट्रान्सफर करून दिलंय तेच ऐका. ही अट म्हणजे सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. रेकॉर्ड लावलीच नाही तर कळणार काय?

मी लावली. ७८ साठी जाड सुई लागते, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), लाँग प्लेची म्हणजे नंतरच्या एलपी रेकॉर्डची बारीक सुई खोबणीच्या तळाशी जाऊन घासते, तेवढी काळजी घेतली की नुसती वाजवून रेकॉर्ड मरत नाही. आणि वाजलं काय तर एक साधा डान्स बँड, सॅक्सोफोन वगैरे, गॉस्पेलचा पत्ता नाही. मग लेबल भिंगाखाली धरलं तर पांढऱ्या कागदाची कड एका जागी उचललेली, खाली गोंदाचा पिवळा थर आणि त्याच्या खाली जुन्या लेबलचा खरवडलेला रंग. आतल्या गुळगुळीत पट्टीवर जो नंबर दाबलेला असतो तो टोकदार कशाने तरी खोडलेला, पण घाईत खोडलेला, तिरपा उजेड मारल्यावर आकडे वाचता आले. ते सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डिस्कोग्राफीत (जुन्या रेकॉर्डच्या ऑनलाइन सूचीत) टाकले, फुकट आहे, कुणालाही बघता येते, तर निघाली चार-पाच डॉलरला मिळणारी डान्सची रेकॉर्ड. शिवाय दोन्ही बाजू छापलेल्या, टेस्ट प्रेसिंगची मागची बाजू बरेचदा कोरी असते.

आता त्या फाइलचं ऐका, कारण पुढे तो नुसत्या फाइलीच विकायला लागला तर हेच कामी येईल. गाणं मूळ गाण्यापेक्षा अर्धा स्वर खाली होतं आणि संथ वाटत होतं म्हणून 'वेगळी टेक' पटत होती. मी ते ऑडेसिटी नावाच्या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्पीड सहा टक्क्यांच्या आसपास वाढवला आणि बाजारात मिळणाऱ्या गाण्याखाली लावून बघितलं तर श्वास, शिट्टी, शब्द, सगळं एकावर एक बसलं. माणसं दोनदा गायली तर असं कधीच जुळत नाही, किती का तालीम केलेली असेना. त्याहून गंमत टकटकीची. रेकॉर्डवर ओरखडा असला की दर फेरीला टक्क वाजतं, आणि ७८ ची एक फेरी ०.७७ सेकंदाची. स्पीड असा नीट केल्यावर या फाइलीत टक्क यायचं १.८ सेकंदांनी, म्हणजे ३३ वर फिरणाऱ्या लाँग प्लेचा ओरखडा! कुणाच्या तरी पुन्हा छापलेल्या एलपीवरून उचललंय सगळं, आणि वरून खरखर ओतलीय. आमच्याकडे बाबांच्या बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या, ती खरखर वेगळी असते, पण ते कानाचं झालं, कानाला कोर्टात कोण विचारतंय, आकडे दाखवता येतात.

विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे एकच सलग व्हिडिओ मागा, लेबल, मग आतल्या पट्टीवरचा नंबर, मग तीच रेकॉर्ड सुईखाली फिरताना, मध्ये कट नको. खरा माणूस कुरकुर करत का होईना देतो. मी नंतर मागितला तर याने आधी आजोबांच्या भावना काढल्या, मग दुसरा गिऱ्हाईक लाइनीत आहे म्हणाला, मग ब्लॉक.

आणि नुसतं ऐकायचंच असेल तर या काळातलं कितीतरी इंटरनेट आर्काइव्हवर ७८ वरून उतरवलेलं पडलंय, एक पैसा लागत नाही.

माझं पुढे काय झालं, तर ॲपवाल्यांनी हात वर केले, बँकेने पण, कारण पैसे मी स्वतःहून पाठवलेले. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकलीय, फोटो आणि मेसेज सगळे जोडून, तुम्हाला असा मेसेज आला असेल तर तुम्हीही टाका, एकाच माणसाविरुद्ध चार तक्रारी गेल्या तर निदान कुणी फाइल उघडून बघेल. परवा एका ओळखीच्याने स्क्रीनशॉट पाठवला, नाव वेगळं, आजोबा तेच, फक्त आता ते टेक्सासचे झालेत आणि रेकॉर्ड सोल स्टिरर्स या दुसऱ्या गॉस्पेल ग्रुपची.