क्राउन-पिनियन बदलताय? ३.७३ आणि ४.१० यांत निवड कशी करावी

गाडीला पिकअप कमी वाटला की बहुतेक जण आधी इंजिनाच्या मागे लागतात. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, मग ट्यूनिंग. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये पाय दाबताक्षणी जाणवणारा फरक हवा असेल, तर डिफरन्शियलमधला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतला) क्राउन-पिनियनचा, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा सेट बदलण्याइतका थेट उपाय मला दुसरा दिसत नाही. त्याने इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही, मात्र चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, प्रत्येक गिअरमध्ये वाढतो. किती वाढवायचा, हा खरा प्रश्न. आकडा जितका मोठा तितकी गाडी वेगवान, असं धरून थेट ४.१० मागवण्याआधी जरा हिशोब करू.

उदाहरणाला २०११ ते २०१४ मधली मॅन्युअल गिअरबॉक्सची फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. तिचा मूळ रेशो ३.३१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचे) ३.३१ फेरे. ३.७३ बसवला तर चाकावरचा टॉर्क सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो, ४.१० बसवला तर सुमारे २४ टक्क्यांनी. इथवर ४.१० पुढे.

आता दुसरा गिअर बघा. ७००० आरपीएमची रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) आणि २५५/४० आर१९ टायर धरले, तर मूळ रेशोवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ताशी ११३ किलोमीटरपर्यंत जाते. ३.७३ वर ती १०० च्या आसपास थांबते आणि ४.१० वर ९१ लाच. म्हणजे शून्य ते शंभर गाठताना ४.१० वाल्याला तिसरा गिअर टाकावाच लागतो. शिवाय तिसऱ्यात गेल्यावर गिअरचा आणि डिफरन्शियलचा मिळून एकूण गुणाकार ६.९ वर येतो, तर मूळ गाडी अजून दुसऱ्यात, ८ वर खेचत असते. ९१ ते ११३ च्या पट्ट्यात न बदललेली गाडीच जोरात पळते! ३.७३ लाही हा तोटा आहे, पण त्याचा पट्टा १०० ते ११३ एवढाच. म्हणून निवड करताना टक्केवारीआधी हे बघा, की तुम्ही ज्या वेगात सर्वाधिक चालवता तिथे गिअर बदलण्याची वेळ तर येत नाही ना.

हायवेवर मात्र ४.१० वाटतो तेवढा त्रासदायक नाही. या गाडीचा सहावा गिअर ०.६५ चा आहे. १२० च्या वेगाला मूळ रेशोवर इंजिन साधारण २००० आरपीएमवर फिरतं, ३.७३ वर २२५० आणि ४.१० वर २४७० च्या जवळ. शेवटचा गिअर १.०० चा असलेल्या पाच-गिअरी गाडीत मात्र हाच ४.१० लांबच्या प्रवासात कान किटवेल. दुसऱ्या गाडीचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावू नका, ते याचसाठी. चौथ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचा, मॅन्युअल गिअरबॉक्स असताना, डिफरन्शियलचा रेशो २.८६६ आहे. ऐकायला तो मवाळ वाटतो, पण तिचा पहिला गिअर ५.०८७ चा आहे. दोन्हींचा गुणाकार १४.६ येतो. मस्टँगला तिथे पोहोचायला जवळपास ४.१० लागतो.

सगळे ४.१० का म्हणतात, सरळ ४.०० का नाही, हा प्रश्न मला फार आवडतो. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दाते, पिनियनला १०. ४० आणि १० असते तर पिनियनचा एक दात कायम क्राउनच्या त्याच चार दातांना भेटला असता. ४१ मुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. ३.७३ मध्येही ४१ आणि ११ दाते आहेत. त्यातला ११ दात्यांचा पिनियन थोडा जाड असतो, त्यामुळे इंजिनाची ताकद पुढे वाढवायची असेल तर तोच बरा.

माझा कौल स्पष्ट आहे. रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर ३.७३. वळणं जवळजवळ असलेल्या छोट्या ट्रॅकसाठी, चिकट टायरसह, ४.१०. साध्या टायरवर ४.१० चा पहिला गिअर नुसता चाकं फिरवण्यात जातो.

डिफरन्शियल साधं, म्हणजे ओपन असेल तर रेशोच्या आधी लिमिटेड स्लिपचा, म्हणजे एका चाकाची पकड सुटू लागली तरी दुसऱ्याकडे जोर पाठवणाऱ्या डिफरन्शियलचा विचार करा. नाहीतर वाढलेला टॉर्क वळणात आतल्या चाकावर वाया जाईल. क्लच प्लेट असलेला प्रकार एक चाक हवेत उचललं तरी काही जोर दुसऱ्याकडे देतो, पण प्लेट झिजतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं द्रव्य) लागतो. हेलिकल, म्हणजे तिरप्या दात्यांच्या गिअरच्या प्रकारात झिजणाऱ्या प्लेट नाहीत, चाल गुळगुळीत असते, पण चाक पूर्ण उचललं की तो जवळपास ओपनसारखा वागतो. रस्त्यासाठी मी हेलिकल घेईन. आणि घ्यायचाच असेल तर क्राउन-पिनियनसोबतच बसवा, कारण नंतर बसवला तर सेटिंगचं सगळं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

ते सेटिंग हाच या कामाचा जीव आहे. पिनियन किती आत बसतो ते शिमने (पातळ चकतीने) ठरवायचं, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब मोजायचा, दात्यांमधला बॅकलॅश, म्हणजे मोकळी जागा, डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बघायचा, आणि दातांना पेस्ट लावून ठसा कुठे उमटतो ते तपासायचं. ठसा दात्याच्या टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला तर पुन्हा सगळं खोलायचं. प्रेस, डायल गेज आणि धीर नसेल तर हे घरी करू नका. मधला मार्ग असा: ज्या गाडीत डिफरन्शियलचं अख्खं युनिट बाहेर निघतं, तिथे ते स्वतः काढा आणि फक्त सेटिंग जाणकाराकडून करून घ्या. वरच्या मस्टँगच्या सलग ॲक्सलमध्ये ही सोय नाही. बेअरिंग मात्र नवीनच टाका.

वेग गिअरबॉक्समधून मोजणाऱ्या गाडीत स्पीडोमीटर जास्त आकडा दाखवू लागतो, तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. चाकांच्या सेन्सरवरून मोजत असेल तर तसाच चालतो.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. नवे दाते एकमेकांत बसताना खूप तापतात. पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत जोरात खेचू नका, आणि त्यानंतर तेल बदला. एका ठरावीक वेगाला घूं असा आवाज येऊ लागला, पाय दाबताना किंवा सोडताना, तर तो आपोआप जिरेल म्हणून वाट पाहू नका. लगेच खोलून ठसा बघायला लावा.