बोटीला इंजिन कोणतं? आधी बंद पडल्यावरचं बघा

आमचा आतेभाऊ, म्हणजे दादा, तापोळ्याकडं प्रवासी बोट घालतोय. बोट ठरली, गाडं इंजिनावर अडलंय. मागं टांगायचं पेट्रोलचं आउटबोर्ड घ्यायचं, की बोटीच्या पोटात बसवायचं डिझेल? वेग, आवाज आणि किंमत यांवर घरात पुष्कळ बोलून झालं. माझा प्रश्न वेगळा आहे. वासोटा किल्ला उतरून दमलेली माणसं बसलीत, शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, मध्य आहे आणि इंजिन थांबलं. आता दादा काय उघडणार?

डिझेल म्हणजे शेतातल्या पंपाच्या इंजिनाचं भावकीतलंच. प्लग नाही, कॉइल नाही, त्यामुळं ओलीनं रुसत नाही. लहान इंजिन असलं तर बॅटरी मेली तरी हँडल मारून सुरू करता येतं. डिझेलच्या पाइपात हवा धरली तर नट सैल करून एअर काढायची. हे विहिरीवर वाढलेल्या कुठल्याही पोराला येतं. १९१० साली औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या भागाचे हात इंजिन-पंपांना सरावलेत. मिस्त्री शोधत फिरावं लागणार नाही.

डिझेलचं दुखणं इंजिनात नाही, शाफ्टमध्ये आहे. शाफ्ट म्हणजे पंखा फिरवणारा दांडा. तो बोटीच्या बुडातून बाहेर जातो, तिथं पाणी अडवायला ग्लँडची दोरी असते. बोट चालू असताना त्यातून थेंब-थेंब पाणी आलंच पाहिजे. नवा माणूस गळती समजून नट आवळतो, मग शाफ्ट तापतो आणि चरे पडतात. खरी भीती मात्र मे महिन्याची. १०५ टीएमसीचं धरण, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडक नि खोडं वर येतात. पंखा आपटला नि शाफ्ट वाकला तर पाण्यावर काहीच करता येत नाही. बोट काठावर ओढा, शाफ्ट काढा, लेथवाल्याकडं न्या, आणि तोवर ऐन हंगाम गेला.

आउटबोर्ड अशा वेळी वर उचलता येतं. लहान मशीनमध्ये पंख्याला शिअर पिन असते. ठोकर लागली की ती तुटते आणि गिअर वाचतो. नवी पिन घालायला पाच-दहा मिनिटं. (पिनेच्या जागी खिळा ठोकणारे महाभाग मी पाहिलेत. पुढच्या ठोकरीला खिळा टिकतो, गिअर जातो.) मोठ्या मशीनमध्ये पिनेऐवजी रबरी बुश असतो.

आउटबोर्डची नाडी म्हणजे इंजिन गार करून मागून पडणारी पाण्याची धार. ती बारीक झाली तर भोकात तार घालून चिखल काढायचा. तरी आली नाही तर मशीन लगेच बंद. आतला पाणी ओढणारा रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, गेलेला असू शकतो. तो काठावर बदलायचा, भर पाण्यात नाही. एक बोल्ट हातातून निसटला की कोयनेच्या तळाशी. पाण्याविना फिरला की इंपेलर जळतो, म्हणून सुकं मशीन गंमत म्हणून सुरू करू नये, पिंपात बुडवून करावं. गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं समजा. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, पाणी गोडं. कोकणातल्यासारखे बोल्ट मिठानं जाम होत नाहीत.

आउटबोर्डचा खोडसाळपणा पेट्रोलमध्ये. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. पावसाळ्यात बोट उभी राहणार असेल तर नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवावं. नाहीतर दिवाळीत जेट तुंबलेलं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? फोर-स्ट्रोक कमी पितं, पण जड, आणि उघडायला किचकट. टू-स्ट्रोकला लिटरमागं साधारण २० मिली ऑइल घालायला विसरलात तर मात्र पिस्टन माफ करत नाही.

सांगलीकडं पुरासाठी बोट ठेवायची असेल तर हा वादच नाही, आउटबोर्ड घ्या. आयर्विन पुलाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चढू लागली की मशीन काढून दुसऱ्या बोटीला लावता आलं पाहिजे. पण अकरा महिने कोपऱ्यात पडलेलं मशीन त्या दिवशी सुरू होईलच असं धरू नका, दर महिन्याला पिंपात चालवा.

दादा रोज खोल पाण्यातून एकाच वाटेनं मालवाहतूक करणार असता तर मी डिझेलच म्हणालो असतो. तो प्रवासी नेणार, ओढ्यांच्या तोंडाशी शिरणार, तेही मे महिन्यात. त्याला आउटबोर्ड. टू-स्ट्रोकचं पन्नासेक किलोचं मशीन दोघं उतरवून जीपमध्ये टाकतील आणि साताऱ्याला नेतील. डबीत दोन पिना, प्लग, इंपेलर, पान्हे. आणि बोटीत वल्ही. ती मात्र दादानं अजून घेतलेली नाहीत.