हँड मिक्सर, ओटीजी आणि दोन थर्मामीटर: कस्टर्ड-मेरँगच्या नादातले काही महिने

हँड मिक्सर फेब्रुवारीत घेतला. तीस लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) आधीपासून घरात होता. नंतर दोन थर्मामीटर मागवले, एक टोचायचा आणि एक ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा. एवढ्या सामानावर पुण्यातला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढलाय. या वस्तू केकसाठी कशा आहेत ते सांगणारे पुष्कळ भेटतील. मी मुख्यतः अंड्याचं कस्टर्ड आणि मेरँग (साखर घालून फेटलेला अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, बहुतेक वेळा ओव्हनमध्ये वाळवलेला) करते, तेव्हा त्यापुरतंच लिहिते. हे दोन्ही पदार्थ जोडीने करायचे असतात. कस्टर्डला अंड्यातलं पिवळं लागतं, मेरँगला पांढरं. एकच केलं तर वाटीभर उरतं आणि ते टाकून देणं आमच्याच्याने होत नाही.

मिक्सर तीनशे वॉटचा, पाच स्पीडचा, दोन हजारांच्या आतला. मेरँगला तो पुरतो, स्टँड मिक्सरची गरज मला तरी पडली नाही. तीन-चार अंड्यांचं पांढरं आरामात फेटलं जातं. एकाच अंड्याचं करायला गेलात तर मात्र पाती तळाशी नुसती फिरत राहतात, त्यासाठी अरुंद, उभट भांडं हवं. पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग चालवू नका असं पुस्तिकेत लिहिलंय ते खरं आहे, मुठीतला भाग चांगलाच तापतो. आवाज एवढा की दुपारी घरात कुणी झोपलं असेल तर फेटायला घेऊ नये. सोबत आलेले पीठ मळायचे हुक पिशवीतून अजून बाहेर आलेले नाहीत.

पांढऱ्यात नव्वद टक्के पाणी आणि दहाएक टक्के प्रथिनं. फेटल्यावर त्या प्रथिनांचं जाळं हवा धरून ठेवतं. पिवळ्याचा थेंब किंवा भांड्याला तुपाचा ओशटपणा असला की फेस उभा राहत नाही. इथे आमच्या घरची एक रीत फार कामाला आली. सासूबाईंच्या नियमाप्रमाणे अंड्याची भांडी वेगळी. स्टीलचं एक खोल पातेलं, एक डाव, एक वाटी, सगळं बाल्कनीतल्या कपाटात. त्या पातेल्याला तूप-तेल कधी लागलेलंच नाही. मेरँगसाठी याहून चांगलं भांडं विकतही मिळणार नाही. प्लास्टिकचा बोल मात्र नको, तो कितीही घासला तरी ओशट राहतो.

साखरेचं प्रमाण ठरलेलं आहे. एका अंड्याचं पांढरं साधारण तीस ग्रॅम भरतं, त्याला पन्नास ते साठ ग्रॅम साखर. ‘निम्मी घातली तर?’ असं घरी येणारं प्रत्येक जण विचारतं. निम्मी घातली तर फेस मऊ राहतो आणि भाजताना बसतो. साखर तिथे गोडीपुरती नसते, तिच्यावर सगळा डोलारा असतो. गोड कमी खायचं असेल तर मेरँग लहान घाला. आपली किराण्याची साखर दाणेदार, ती घरीच मिक्सरमधून फिरवून घ्यायची. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बरेचदा कॉर्नफ्लोअर असतं. फेस थोडा चढला की चमचा-चमचा साखर घालत जायचं, आणि क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड) नसेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस. झालं की नाही हे बघायला फेस चिमटीत घेऊन चोळायचा. रवाळ लागला तर अजून फेटायचं, कारण न विरघळलेली साखर ओव्हनमध्ये पाकाचे पिवळसर थेंब होऊन बाहेर येते.

माझा कल आता स्विस पद्धतीकडे आहे. पांढरं आणि साखर एकत्र करून, पातेलं उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून, ढवळत ढवळत सत्तर अंशांच्या वर न्यायचं आणि मग फेटायचं. साखर दळायची कटकट नाही, आणि कच्च्या अंड्याची ज्यांना धास्ती वाटते तेही खातात.

ओटीजीबद्दल थोडी तक्रार आहे. मेरँग भाजायचं नसतं, वाळवायचं असतं: ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. माझ्या ओटीजीचा काटा १०० पासून सुरू होतो आणि काटा १०० वर ठेवला की आतला थर्मामीटर १२५-१३० दाखवतो. पांढरंशुभ्र मेरँग त्यात अशक्य, बदामी होतं. उपाय असा: फक्त खालची दांडी, ट्रे मधल्या खाचेत, दाराच्या फटीत लाकडी चमचा. मग पारा १०५ च्या आसपास टिकतो. नवीन घेणाऱ्यांनी खोक्यावरचे लिटर बघण्याआधी काटा कितीपासून सुरू होतो ते बघावं. ६० पासून सुरू होणारे मिळतात. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाण्याची शक्यता असते, म्हणून गुरुवारी मेरँग नाही.

टोचायच्या थर्मामीटरवर लोक ‘उकळत्या पाण्यात १०० दाखवत नाही’ म्हणून एक स्टार देतात. पुणेकरांनी देऊ नये. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहोत, इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. माझा ९८ दाखवतो आणि बर्फाच्या पाण्यात शून्य. म्हणजे तो बरोबर आहे. इटालियन मेरँगमध्ये फेटलेल्या पांढऱ्यात गरम पाक ओततात. तो पाक पुस्तकात ११८ अंशांवर सांगितलेला असतो, तो मी ११६ वर उतरवते.

या काहीशे रुपयांच्या काडीने माझं कस्टर्ड सुधारलं, ओटीजीने किंवा मिक्सरने नव्हे. अर्धा लिटर दूध, चार पिवळी, पाऊण वाटीला थोडी कमी साखर. गरम दूध पिवळ्यात हळूहळू ओतायचं, परत गॅसवर मंद आचेवर ठेवायचं आणि उलथन्याने तळ खरवडत राहायचं. सत्तरपर्यंत काही घडत नाही, नुसतं पिवळं दूध. पंचाहत्तरनंतर वरचा फेस विरतो, उलथनं जड लागायला लागतं. ब्याऐंशीला उतरवायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती भरून येत नाही. पंच्याऐंशीच्या पुढे गेलं की अंडं गोठून गुठळ्या होतात. उतरवल्या उतरवल्या गार भांड्यात गाळायचं, कारण गरम पातेल्यात ते शिजतच राहतं. दूध मी गाईचं घेते. म्हशीच्या दुधाचं छान दाट होतं पण मग दोन चमच्यांत पोट भरतं.

वासाचं म्हणाल तर व्हॅनिलापेक्षा जायफळ-वेलदोडा बरा. पारशी लोकांच्या लग्नातल्या ‘लगन नु कस्टर्ड’मध्ये हेच असतं, आटवलेलं दूध, अंडी आणि वर जायफळ. पुण्याच्या कॅम्पात खाल्लं असेल तर चव आठवेल.

सासूबाईंचा पक्ष मात्र कस्टर्ड पावडरचा. ‘अगं, दोन चमचे पावडर टाक, पाच मिनिटांत होतं, हे काय थर्मामीटर घेऊन बसलीस!’ पावडरीत अंडं नसतंच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती काढली ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. तेव्हा त्या फ्रूट कस्टर्ड करतात, मी माझं करते, आणि फ्रिजचे कप्पेही वेगळे आहेत. पिवळ्यासोबत कॉर्नफ्लोअरही घालणार असाल तर वरचा ब्याऐंशीचा नियम विसरा. पिवळ्यातलं एक एन्झाइम स्टार्च फोडतं, ते मारायला मिश्रण चांगलं उकळून मिनिटभर बुडबुडे येऊ द्यावे लागतात. नाहीतर रात्री घट्ट ठेवलेलं सकाळी पाणचट झालेलं दिसतं. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे उकळलं तरी अंडं फाटत नाही.

आता हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी मेरँग ताटलीत उघडं ठेवलं तरी तासभर कुरकुरीत होतं. जुलैत तेच ओव्हनमधून काढल्यावर डब्यात जाईपर्यंत बोटाला चिकटायला लागलं. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यात मिक्सर, ओटीजी कुणाचाच दोष नाही. पावसाळ्यात मी कुरकुरीत प्रकार बंद ठेवला आणि फ्रेंचांचं ‘फ्लोटिंग आयलंड’ धरलं. फेटलेल्या पांढऱ्याचे डावभर गोळे मंद उकळत्या दुधात दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट शिजवायचे, काढून ठेवायचे, त्याच दुधाचं त्याच अंड्यांच्या पिवळ्यात कस्टर्ड करायचं आणि गोळे वर सोडायचे. वरून कॅरॅमलची धार. मऊच खायचं असल्यामुळे पावसाची भीती नाही, ओटीजी लावायचा नाही, आणि अंड्याचं काही उरत नाही. चार महिन्यांत घरी सगळ्यात जास्त वेळा हेच मागितलं गेलं.

पाव्हलोव्हा, म्हणजे मोठ्या मेरँगवर क्रीम आणि फळं, हे उन्हाळ्यातलं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मार्चनंतर संपत येते, मग हापूस. मेरँग आणि हापूस दोन्ही गोड, त्यामुळे मध्ये आंबट काहीतरी लागतंच. शिवाय आपल्याकडे सहज मिळणारं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं, ते फेटून उभं राहत नाही, आणि नॉन-डेअरी क्रीमची चव जिभेवर मेणासारखी राहते. मी चितळेंचा चक्का घेते, त्यात थोडं फ्रेश क्रीम आणि लिंबाची किसलेली साल. साखर अजिबात नाही. वाढायच्या अगदी आधी घालायचं, नाहीतर चक्क्याच्या ओलाव्याने कवच विरतं.

पैशांचा प्रश्न असेल तर आधी टोचायचा थर्मामीटर घ्या, मग हँड मिक्सर. ओटीजी नसला तरी चालेल. कॅरॅमल कस्टर्ड कुकरमध्ये, झाकणावरची शिट्टी काढून ठेवून, मंद आचेवर, डब्याला घट्ट झाकण लावून उत्तम होतं. फक्त आच मोठी करू नका, जाळी पडते.