१९७६ची सेस्ना १७२एम, अर्ध्या मालकीची: दीडेक वर्ष वापरल्यानंतर

विमान घेतलंय म्हटल्यावर सगळे आधी किंमतच विचारतात, तर ते आधीच सांगून टाकते. आम्ही दोघांनी मिळून घेतलं, मी आणि इथे कोलंबसजवळच्या (ओहायो) एअरपोर्टवर ओळख झालेले एक रिटायर्ड शिक्षक, अर्धं-अर्धं. सेस्ना १७२एम, चार सीट, पंख वर, १५० हॉर्सपॉवरचं लायकमिंग ओ-३२० इंजिन. अशी विमानं हल्ली इंजिनचे तास, रेडिओ, रंग बघून साधारण ऐंशी हजार ते लाख डॉलरला जातात, म्हणजे माझ्या वाट्याला चांगल्यापैकी मोठी गाडी घेण्याइतका खर्च आला. पण किंमत हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे असं मला आता ठामपणे वाटतं, पैसे एकदाच द्यायचे असतात, विमानाकडे लक्ष मात्र दर आठवड्याला द्यावं लागतं.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण मला हे विचारणारे बरेच जण एच-वन वर असतात. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर रजिस्टर करायला, म्हणजे एन-नंबर घ्यायला, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असावं लागतं. शिकायला आणि लायसन्स काढायला व्हिसावर अडचण नाही, फक्त ट्रेनिंग सुरू करायच्या आधी टीएसएचं (एअरपोर्टवर सुरक्षा बघणारं सरकारी खातं) क्लिअरन्स लागतं. त्यामुळे ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर तोवर लायसन्स काढा, क्लबमध्ये किंवा भाड्याने भरपूर उडवा, ते तास कुठे जात नाहीत.

१७२च का? पायपर चेरोकीसुद्धा बघितलं होतं, छान विमान आहे, पण त्याला दार एकच, तेही पंखावर चढून आत शिरायचं. माझे आईबाबा सांगलीहून दर उन्हाळ्यात येतात, आईचे गुडघे दुखतात. १७२ला दोन्ही बाजूंना दारं आहेत, स्ट्रटजवळ (पंखाला खालून आधार देणारी तिरकी दांडी) पायरी आहे, आणि पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं, शेतं, नद्या, घरांची छपरं. आई पहिल्यांदा बसली तेव्हा पूर्ण वेळ खिडकीला नाक लावून होती आणि उतरल्यावर विचारलं, परत कधी? शिवाय १७२ जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान आहे, १९५६ पासून ४४ हजारांहून जास्त, त्यामुळे पार्ट मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक मेकॅनिकने ते कधी ना कधी उघडलेलं असतं. पेट्रोलचा सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही पंखांतल्या टाक्यांतून पेट्रोल येतं, चेरोकीत दर थोड्या वेळाने टाकी बदलायची आठवण ठेवावी लागते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

वेगाच्या अपेक्षा कमी ठेवा. आमचं विमान १०५ नॉटच्या आसपास जातं, म्हणजे ताशी १९५ किलोमीटर, आणि तासाला आठ गॅलन पितं. चार सीट म्हणजे चार माणसं हे गणितही डोक्यातून काढून टाका. वापरता येतं असं पेट्रोल ३८ गॅलन, त्याचंच वजन २२८ पाउंड, ते भरलं की माणसं आणि सामान मिळून साधारण साडेसहाशे-पावणेसातशे पाउंड उरतात, म्हणजे तीनशे किलो. तीन मोठी माणसं आणि बॅगा, किंवा दोन मोठी आणि दोन लहान मुलं. जुलैत ३५ डिग्री तापमान असताना तर आणखी विचार करावा लागतो, आमचा एअरपोर्ट नऊशे फुटांवर आहे पण अशा दिवशी हवा विरळ होते आणि विमानाला आपण साडेतीन हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, चढताना ते कळतं. आम्ही उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघतो, हवाही शांत असते.

आता मेंटेनन्स, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरा अनुभव इथेच आहे.

दर बारा महिन्यांनी ॲन्युअल इन्स्पेक्शन लागतं, ते नुसत्या मेकॅनिकचं चालत नाही, इन्स्पेक्शन ऑथरायझेशन असलेला मेकॅनिकच सही करू शकतो. सगळ्या झाकण्या उघडतात, सीट बाहेर, कंट्रोलच्या केबल्स तपासायच्या, सिलेंडर हवेचा दाब किती धरून ठेवतात ती कॉम्प्रेशन टेस्ट ८० पीएसआयच्या हिशोबाने, म्हणजे ८०पैकी किती उरतो ते बघायचं, आमचे चारही सत्तरच्या वर आले तेव्हा आम्ही दोघांनी पेढे वाटले (म्हणजे मी पेढे आणले, त्यांनी डोनट). सेस्नाच्या सीट-रेलचा एक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सरकारचा सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे तो नीट समजून घ्या, रेलमधली भोकं झिजली की पिन पक्की बसत नाही आणि टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकू शकते, पायलट मागे जाताना हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) असतो, पुढे काय होईल ते सांगायला नको. मी दर वेळी बसल्यावर सीट पुढेमागे जोरात हलवून बघते, कोणी घाई केली तरी.

आमच्या पहिल्या ॲन्युअलला ज्या शॉपमध्ये दिलं त्यांनी दोन आठवडे सांगून अडीच महिने लावले, ऐन चांगल्या हवेचे. काम वाईट नव्हतं, पण विमान उघडं पडून राहिलं आणि फोन केल्याशिवाय काही कळायचं नाही. आता आमच्या फील्डवरचाच एक मेकॅनिक ‘ओनर-असिस्टेड’ ॲन्युअल करून देतो, झाकण्या आम्ही उघडतो, स्वच्छता-ग्रीसिंग त्याच्या नजरेखाली आम्ही करतो, निर्णय आणि सही त्याची. पैसे वाचतात हे आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे आपण ज्या केबलच्या भरवशावर तीन हजार फुटांवर बसतो ती केबल स्वतःच्या डोळ्यांनी पुलीवरून जाताना बघितलेली असते. भाड्याचं विमान मी खूप वर्षं उडवलं, त्यात हे कधीच मिळालं नाही.

पायलट-ओनरला काही कामं कायद्याने स्वतः करता येतात, ऑइल बदलणं, टायर, स्पार्क प्लग काढून साफ करणं, लँडिंग लाइटचा बल्ब, बॅटरी, आणि केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात सहीनिशी करायची. फिल्टर असेल तर ऑइल पन्नास तासांनी, नुसती जाळी असेल तर पंचवीस तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलायचंच. मी दर वेळी जुना फिल्टर कापून उघडते, कागद पसरून लोखंडाचे कण आहेत का बघते, थोडं ऑइल लॅबला पाठवते. एकाच रिपोर्टवरून फार काही कळत नाही, पण तीन-चार झाले की आपल्या इंजिनचं नॉर्मल काय ते दिसायला लागतं.

स्पार्क प्लगबद्दल वेगळं सांगते. हे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं, आज मिळतं ते निळं १०० लो-लेड, नावात ‘लो’ असलं तरी शिसं जुन्या ८०पेक्षा बरंच जास्त. ते खालच्या प्लगमध्ये बारीक गोळ्यांसारखं साठतं आणि उडायच्या आधी १७०० आरपीएमला मॅग्नेटो (प्लगना ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तपासताना इंजिन खडखडतं. चार सिलेंडर, आठ प्लग, दोन स्वतंत्र मॅग्नेटो, एकाच मॅग्नेटोवर चालवून बघताना इंजिनचे १२५ पेक्षा जास्त आरपीएम पडले तर उडायचं नाही. उपाय साधा आहे, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं तो नॉब) चांगलं मागे ओढून पेट्रोल कमी ठेवायचं, अगदी इतकं की थ्रॉटल दिला तर इंजिन बंद पडायला बघेल. हे सुरू केल्यापासून आमचा त्रास जवळजवळ संपला. बिनशिशाच्या पेट्रोलची मी मनापासून वाट बघतेय, कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीने आपल्या दोन एअरपोर्टवर शिसंवालं विकणं २०२२ मध्येच बंद केलं, आणि पूर्ण राज्यात २०३१ पासून बंदी येतेय. एअरपोर्टच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांचा विचार केला तर हे आधीच व्हायला हवं होतं.

लँडिंगनंतर पुढचं चाक थडथडायचं, सगळं पॅनल हलायचं. १७२च्या मालकांना हे नवीन नाही. चाकाची थरथर शोषणारा शिमी डॅम्पर झिजला होता आणि चाक सरळ धरणाऱ्या टॉर्क लिंकचे बुशिंग सैल, दोन्ही बदलले, चाक बॅलन्स केलं, थांबलं. पावसात दारातून थोडं पाणी येतं, त्याच्याशी आम्ही जुळवून घेतलंय. पेट्रोलच्या टाकीत पाणी मात्र चालत नाही, टोपणांचे जुने सील बदलून घेतले आणि तरीही प्रत्येक फ्लाइटच्या आधी खालून पेट्रोल काढून काचेत बघायचं, पाणी तळाशी बसतं, लगेच ओळखू येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, विमान उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून जातं आणि दमट हवेत गंज धरतो. म्हणून न उडवणं हे विमानाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं सुरू करून बंद करणं तर आणखी वाईट, कारण इंजिनात तयार झालेली वाफ तशीच आत राहते, ऑइल १८० फॅरनहाइटच्या आसपास नीट तापेल इतका वेळ हवेत उडायला हवं. १९५८-५९ मध्ये लास व्हेगासला दोन पायलटनी एक सेस्ना १७२ चौसष्ट दिवसांहून जास्त, न उतरता, चालत्या ट्रकवरून पेट्रोल घेत उडवली होती, ते विमान आजही तिथल्या एअरपोर्टमध्ये टांगलेलं आहे. चालू इंजिन किती सोसतं ते त्यातून कळतं. आमच्या भागीदारीचा खरा फायदा हाच, मी ऑफिसच्या गडबडीत असले की ते उडवतात, ते मुलीकडे फ्लोरिडाला गेले की मी. भागीदारीचा करार मात्र लेखी करा, कोण बाहेर पडलं तर काय, इंजिन ओव्हरहॉलला किती बाजूला ठेवायचं, वीकेंड कुणाचा, सगळं. हिवाळ्यात शून्याखाली गेलं की आदल्या रात्री इंजिन हीटर लावायचा, यात टाळाटाळ नको.

खर्च, ढोबळ, दोघांचा मिळून: हँगर महिन्याला साडेतीनशे डॉलर, इन्शुरन्स वर्षाला दीड हजार, ॲन्युअल आणि निघालेली कामं दोन ते तीन हजार, ट्रान्सपॉन्डरची (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) तपासणी दोन वर्षांतून एकदा. उडवताना तासाला पेट्रोलचे पन्नासेक, आणि पंधरा-वीस ओव्हरहॉलच्या खात्यात, कारण २००० तासांच्या आसपास ते काम येतं आणि हल्ली पस्तीस-चाळीस हजार कुठे गेले नाहीत. आमच्याकडे भाड्याची १७२ पेट्रोलसकट तासाला पावणेदोनशेच्या आसपास आहे. दोघं मिळून वर्षाला शंभर तास उडवणार नसाल तर भाड्याचंच घ्या, हे मी अगदी प्रेमाने सांगतेय.

मग मिळतं काय? ओहायोतल्याच अर्बानाच्या ग्राइम्स फील्डवर एअरपोर्टमधल्याच कॅफेत ॲपल पायसारखे गोड पाय खायला जातो, शेजारी बी-१७ बॉम्बर पुन्हा उभारायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, ते बघतो. लेक एरीमधल्या बेटावरच्या पुट-इन-बे गावी गाडी आणि फेरी मिळून अर्धा दिवस जातो, आम्ही तासाभरात उतरतो, शेवटची काही मिनिटं खाली फक्त पाणी असतं म्हणून उंची जास्त ठेवतो आणि लाइफ जॅकेट घालतो. बाबा दर वेळी नकाशा मांडीवर घेऊन बसतात, रेडिओवरचं एअरपोर्टचं नाव ऐकून बोट ठेवतात. मला कितीही महागडी ट्रिप याच्या बदल्यात नको.

पुढच्या ॲन्युअलला दोन्ही मॅग्नेटो काढून पाचशे तासांची तपासणी करायची आहे, आणि पुढच्या जुलैत ऑशकॉशला (विस्कॉन्सिनमधला दरवर्षीचा मोठा विमान-मेळावा) जायचं ठरतंय, जवळच्या फिस्क गावावरून एका रांगेत ९० नॉटने १८०० फुटांवर, कंट्रोलरला रेडिओवर न बोलता पंख हलवून उत्तर द्यायचं आणि रनवेवरच्या सांगितलेल्या रंगाच्या ठिपक्यावर उतरायचं. या नियमांची नोटीस दर वर्षी नवीन निघते, आम्ही गेल्या वर्षीची आत्ताच वाचायला काढलीय. कोणी मराठी मंडळी तिथे पंखाखाली तंबू ठोकणार असतील तर कळवा, पोहे आमच्याकडे.