व्ही-सिंक की जी-सिंक?

कॉम्प्युटरवर गेम खेळताना नुसता व्ही-सिंक (ग्राफिक्स कार्डाच्या फ्रेम मॉनिटरच्या तालाला बांधणारी सेटिंग) लावला की चित्र फाटणं, म्हणजे एकाच वेळी दोन फ्रेमचे तुकडे दिसणं, थांबतं, हे खरं. पण त्याची किंमत माउसला मोजावी लागते. ६० हर्ट्झवर, म्हणजे मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो तेव्हा, एक फ्रेम (एक चित्र) १६.७ मिलिसेकंद टिकते. कार्ड पुढच्या फ्रेम तयार करून रांगेत लावतं आणि तुमचा क्लिक त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. कार्ड जरा मागे पडलं की तीच फ्रेम दुसऱ्यांदा दिसते. झटका बसतो तो ऐन वळणावर.

एनव्हिडियाच्या जी-सिंकमध्ये किंवा एएमडीच्या फ्रीसिंकमध्ये मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. फ्रेमरेट (कार्ड सेकंदाला तयार करतं त्या फ्रेमची संख्या) ९० वरून ७० वर घसरला तरी हालचाल सलग वाटते. मात्र एक मेख आहे: फ्रेमरेट मॉनिटरच्या कमाल दराला टेकला की हा फायदा गेला. म्हणून १४४ हर्ट्झवर मी फ्रेमरेट १४१ ला बांधतो, आणि व्ही-सिंक गेममध्ये बंद, ड्रायव्हरमध्ये (कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चालू ठेवतो. हा आकडा बांधायला लोक हमखास विसरतात! गेममध्ये रिफ्लेक्स (क्लिकचा उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सोय) असेल तर तो जरूर लावा. मग ड्रायव्हरमधल्या, त्याच कामाच्या लो लेटन्सी मोडला हात लावायची गरज नाही.

मॉनिटर जुना असेल आणि खेळ निवांत, एकट्याने खेळायचा असेल, तर व्ही-सिंक खुशाल लावा. नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात मात्र मी तो एकटा कधीच लावणार नाही.